चौदावी वस्तू

पोलिसांना सगळं जग मामा म्हणतं, आणि ते काही फार कौतुकानं म्हणतं असं नाही. पण पोलीस स्वतः ज्याला मामा म्हणत, तेही मनापासून, असा मुख्यालयात एकच माणूस होता. जिन्याखालच्या भांडारातला हवालदार. उंचीनं बेताचा, डाव्या पायानं लंगडा आणि बोलायला असा गोड, की रजा नाकारलेला शिपाईसुद्धा त्याच्याकडे अर्धा कप चहा पिऊन हसत बाहेर पडायचा. पाय ऐन उमेदीत एका दंगलीत अधू झाला होता. तेव्हाच्या साहेबांनी त्याला भांडारात बसवलं, तात्पुरतं म्हणून. त्या तात्पुरत्याला आता चोवीस वर्षं झाली होती.

भांडार म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे जाळीची खिडकी, खिडकीत सामान आत-बाहेर करता येईल एवढी चौकट आणि त्याखाली एक लाकडी फळी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. मागे छतापर्यंत रॅक. डांबरगोळ्या आणि बूटपॉलिश यांचा वास मामाच्या सदऱ्याला चिकटून घरापर्यंत जायचा. बायको म्हणायची, "मी संसार माणसाबरोबर केला की कपाटाबरोबर, तेच मला कळत नाही."

नव्यानं भरती झालेला पोलीस पहिल्या दिवशी याच खिडकीशी यायचा. त्याला चौदा वस्तू मिळायच्या. दोन गणवेश, टोपी, पट्टा, बूट, रेनकोट, बॅटरी, काठी, बिल्ला, असं करत करत चौदावी शिट्टी. शिट्टी पितळेची, तिच्यावर त्या माणसाचा नंबर कोरलेला. आणि नोकरी सोडणाराही शेवटच्या दिवशी याच खिडकीशी यायचा. चौदा वस्तू फळीवर मांडायचा, मामा मोजायचा आणि कागदावर 'सर्व वस्तू जमा' असं लिहून सही करायचा. त्या सहीवाचून राजीनामा इंचभरही पुढे सरकत नसे. साहेबांची सही नंतर, मामाची आधी.

पूर्वी वर्षाकाठी एखाददुसरा सोडून जाई. गेल्या पाचसहा वर्षांत आठवड्याला कोणी ना कोणी खिडकीशी उभं राहू लागलं. शंभर जागांची जाहिरात निघावी, साठ जणांनी हजर व्हावं आणि प्रशिक्षण संपेपर्यंत त्यातले पंचेचाळीस उरावेत. गेलेल्यांचं काम उरलेल्यांच्या डोक्यावर बसे, आणि त्या ओझ्यापायी उरलेलेही जायला निघत. वर साहेब लोकांच्या बैठका चालत, तक्ते निघत. मामाला तक्त्यांची गरज नव्हती. तो परत आलेला पट्टा हातात घ्यायचा आणि भोकं बघायचा. चार वर्षांत तीन भोकं आत आलेला पट्टा असला, की माणूस का चालला हे त्याला विचारावं लागत नसे.

पण मामा नुसता बघत बसणाऱ्यातला नव्हता. त्याच्याकडे एक युक्ती होती, आणि ती त्याला वारशानं मिळाली होती.

तो स्वतः सव्वीस वर्षांचा असताना राजीनामा घेऊन याच खिडकीशी आला होता. घरी मुलगी जन्मून नऊ दिवस झाले होते आणि त्याला तिचं तोंड बघायला रजा मिळाली नव्हती. मेव्हण्याची पिठाची गिरणी होती, तिथं जाऊन बसू, पण ही गुलामगिरी नको, अशा तिरमिरीत त्यानं सामान फळीवर आदळलं. तेव्हाच्या म्हाताऱ्या भांडाऱ्यानं शांतपणे मोजलं आणि म्हणाला, "तेरा भरल्या. शिट्टी कुठाय?" शिट्टी आणली होती असं त्याला वाटत होतं, पण फळीवर तर नव्हती. तीन दिवस त्यानं घर पालथं घातलं. चौथ्या दिवशी राग ओसरला आणि तो मुकाट्यानं कामावर गेला. महिन्याभरानं म्हाताऱ्यानं शिट्टी त्याच्या हातावर ठेवली. "रॅकमागे पडली होती रे," म्हणाला.

पुढे भांडाराच्या किल्ल्या मामाकडे आल्या, त्या दिवशी म्हाताऱ्यानं खरं काय ते सांगितलं. "राजीनामा म्हणजे उतू जाणारं दूध. आच जरा कमी केली, की बसतं खाली. एक वस्तू कमी भरव. चार दिवसांत माणूस भानावर येतो."

मामा मनापासून मानत होता, की त्या म्हाताऱ्यानं आपला संसार वाचवला. गिरणी पुढे दोन वर्षांत बंद पडली, आणि इथल्या नोकरीवर मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं, डोक्यावर छप्पर आलं. म्हणून तोही तेच करत राहिला. मोजता मोजता शिट्टी अलगद फळीखालच्या पत्र्याच्या डब्यात जायची. मामा चष्मा कपाळावर सारून म्हणायचा, "तेरा भरल्या. शिट्टी कुठाय?" काही जण चार दिवसांनी परत यायचे, मग तो शिट्टी 'शोधून' काढायचा आणि निमूट सही करायचा. पण काही यायचेच नाहीत; त्यांना महिन्याभरानं तो शिट्टी परत द्यायचा, "रॅकमागे पडली होती रे," म्हणून. असे एकतीस जण मागे फिरले होते. त्यातला एक आज फौजदार होता आणि दिसेल तिथं मामाच्या पाया पडायचा. एवढं झाल्यावर कुठल्या माणसाला आपण पुण्य करतोय असं वाटणार नाही?

बत्तिसावा मास्तर.

मास्तर खरा शिपाईच, पण वळणदार अक्षरामुळे सगळे त्याला मास्तर म्हणत. पंचनामा असा लिहायचा, की वाचणाऱ्याला ती खोली दिसावी. मामाचे अर्जही तोच लिहून द्यायचा. त्याला खरोखरच मास्तर व्हायचं होतं. नोकरी सांभाळून, जागरणं करून तो परीक्षा पास झाला आणि एका शाळेनं त्याला बोलावलं. एका बुधवारी सकाळी तो खिडकीशी आला आणि त्यानं यादीत लिहिलेल्या क्रमानं चौदा वस्तू मांडल्या. बुटांना पॉलिश केलं होतं. गणवेश इस्त्रीचे होते. पट्टा पहिल्या दिवशी होता त्याच भोकावर होता.

रागावलेला माणूस सामान आदळतो, इस्त्री करून आणत नाही. हे मामाला कळत नव्हतं थोडंच? कळत होतं. पण एकतर हाताला सवय झाली होती, आणि दुसरं म्हणजे पोरगा त्याला आवडायचा. असली माणसंच निघून गेली तर मागे काय उरणार, असं त्याच्या मनात आलं. शिट्टी डब्यात गेली.

"तेरा भरल्या, मास्तर. शिट्टी कुठाय?"

मास्तर गोंधळला. "आणली होती मामा. निघताना मोजून घेतलं सगळं."

"मग कुठं जाईल? घरी बघ. मुलीनं खेळायला घेतली असेल."

हे शेवटचं वाक्य मामानं सहज म्हटलं. अशा वेळी काहीतरी बोलायचं म्हणून माणूस बोलतो, तसं.

शनिवारी मास्तर परत आला. डोळे तारवटलेले. "नाही सापडत मामा. घर उलटंपालटं केलं. तुम्ही हरवली असं लिहून सही करा ना. परवा सोमवारी मला शाळेत हजर व्हायचंय."

त्या क्षणी डबा मामाच्या गुडघ्याला लागत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, फरक इतकाच, की काख मामाची होती. तो म्हणाला, "हरवली तर खुलासा लागतो बाबा, वरून मंजूर होऊन यायला आठवडा जातो. शाळा काय पळून जाते का? दोन दिवस नीट बघ, आणि नीट विचारही कर." म्हाताऱ्याचं दूध त्याच्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं, की समोरचा माणूस उकळतच नाहीये, हे त्यानं बघितलंच नाही.

शाळा पळून गेली नाही. तिनं फक्त मंगळवारी यादीतल्या पुढच्या माणसाला घेतलं. मास्तरनं राजीनामा मागे घेतला, आणि त्याच आठवड्यात त्याची दूरच्या एका चौकीवर बदली झाली. शिट्टी डब्यातच राहिली. महिन्याभरानं देऊ, असं मामानं ठरवलं होतं, पण चौकी लांब, मास्तर मुख्यालयाकडे फिरकेना, आणि मामाच्याही मनात कुठेतरी खुपत होतं. आज देऊ, उद्या देऊ यात आठ महिने गेले.

त्या चौकीवर सहा माणसं हवी होती, तिघं होती. एका बंदोबस्तात मास्तर सलग एकतीस तास उभा राहिला. सकाळी दहाच्या उन्हात मोटरसायकलवरून घरी निघाला आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर जाऊन आदळला. ब्रेक मारल्याची खूणही रस्त्यावर नव्हती. त्याला झोप लागली होती, इतकंच.

त्याचं सामान जमा करायला त्याची बायको आली. तिनंही सगळं यादीच्या क्रमानं मांडलं. शेवटी पिशवीतून एक शिट्टी काढली. काळी, प्लॅस्टिकची, बाजारातली.

"यावर नंबर नाहीये," ती म्हणाली. "आमची हरवली होती. मग हे हीच वापरायचे. चालेल का, मामा?"

मामानं मान हलवली आणि सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली. ती गेल्यावर तो खिडकी लावून खाली बसला आणि जेवणाची सुट्टी संपली तरी उठला नाही. त्या दिवसापासून त्यानं कोणाचीही शिट्टी अडवली नाही. पण सांगितलंही कोणाला नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सांगितलं म्हणून मेलेला माणूस परत येतो का, असं तो स्वतःला विचारायचा, आणि नाही असं उत्तर आलं, की त्याला थोडा वेळ बरं वाटायचं.

चार महिने असेच गेले, आणि मग त्या मॅडम आल्या.

पोलीस खात्यात माणसं येत का नाहीत आणि आलेली टिकत का नाहीत, याचा अभ्यास करायला त्यांना विद्यापीठानं पाठवलं होतं. चाळिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, प्रश्न विचारून झाला की खरंच ऐकत बसणाऱ्या. साहेबांनी त्यांना पगार, घरं, समाजाची दृष्टी अशी नेहमीची गोळाबेरीज ऐकवली. शिपायांनी रजा आणि झोप एवढंच सांगितलं. तीन आठवडे त्या मुख्यालयात फिरल्या आणि एक दिवस जिन्याखालच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"मामा तुम्हीच ना? मला एक कोडं सुटत नाहीये. मी पाच मुख्यालयांचे कागद बघितले. राजीनामा देऊन मागे फिरणारे तुमच्याकडे तिप्पट आहेत. साहेबांना कारण माहीत नाही. वरचा कारकून म्हणाला, भांडारात विचारा."

मामा हसला. बऱ्याच दिवसांत त्याला कोणी चांगलं काही बोललं नव्हतं. "रागाच्या भरात येतात मॅडम. आपण चार दिवस घोळवायचं. एखादी वस्तू कमी आहे म्हणायचं. थंड होतात."

मॅडमनी भरभर लिहून घेतलं. "हे किती साधं आहे. असं करता येईल, की प्रत्येक राजीनाम्याला महिन्याभराचा थांबण्याचा काळ ठेवायचा. नियमच करायचा. मी शिफारस करणार आहे." त्या खूश होत्या. वही मिटता मिटता त्यांना आठवलं. "सोडून गेलेल्यांच्या आणि नोकरीत असताना वारलेल्यांच्याही घरी जातेय मी. परवा एका घरी गेले होते. तो अपघातात गेला, त्याला शिक्षक व्हायचं होतं. तुमच्या ओळखीचा असेल."

मामा फळीवरचे कागद सारखे करू लागला.

"सात वर्षांची मुलगी आहे. मी आईशी बोलत होते, तर ती येऊन म्हणते, बाबांची शिट्टी मी हरवली, म्हणून त्यांना शाळेत जाता आलं नाही. आई म्हणाली, वर्ष झालं, रोज कुठेतरी शोधत असते. बागेतली माती उकरते. मला रात्रभर..." मॅडम थांबल्या. "मामा, बरं वाटत नाहीये का?"

'मुलीनं खेळायला घेतली असेल.' ते वाक्य मामाचं होतं. मास्तरनं ते घरी नेलं, घरच्यांनी खरं मानलं, आणि एका पोरीच्या पोटात ते वर्षभर रुतून बसलं होतं.

त्यानं वाकून डबा काढला. झाकण घट्ट झालं होतं, नखानं उघडावं लागलं. आत एकच शिट्टी होती. ती त्यानं फळीवर ठेवली आणि सगळं सांगितलं, बुधवारपासून ट्रकपर्यंत. मॅडमनी वही उघडली नाही.

"मॅडम, माणसं का जातात ते तुम्ही विचारत फिरताय," तो शेवटी म्हणाला. "राहिलेली का राहिली, तेही विचारा. एकतीस जण राहिले म्हणून मी छाती फुगवून फिरलो. त्यातले किती सुखानं राहिले ते मी एकाला विचारलं नाही. तो नियम नका करू."

"हे मला लिहावं लागेल, मामा. तुमच्या नोकरीवर येईल."

"लिहा. साहेबांना मी स्वतः सांगतो. पण उद्या मला सुट्टी पाहिजे."

सकाळी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती बराच वेळ शर्टाला बटण लावत बसली होती. धागा दातानं तोडून म्हणाली, "जायचंच होतं, तर वर्षभर काय करत होतात?" तिनं शर्ट पुढे केला, त्यानं घातला.

मास्तरची बायको भावाच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहत होती. लंगड्या पायानं जिना चढताना मामा दोनदा थांबला. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून वह्यांना कव्हरं घालत होती, आणि मुलगी शेजारी पालथी पडून पाढे लिहीत होती. दोन वेण्या, अक्षर अगदी बापाच्या वळणाचं.

"मामा? या ना, बसा."

मामा बसला नाही. त्यानं खिशातून शिट्टी काढून वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. तिनं उचलली, उजेडाकडे धरली. अकराशे सत्तेचाळीस.

"कुठे सापडली?"

रॅकमागे पडली होती. एकतीस वेळा म्हटलेलं वाक्य आपोआप ओठांवर आलं. म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. पोरगी सुटली असती आणि मामाही सुटला असता.

"सापडली नाही," तो म्हणाला. "माझ्याकडेच होती. त्यानं दिली होती, चौदाच्या चौदा दिल्या होत्या. मीच काढून ठेवली. तो राहावा म्हणून."

तिनं शिट्टी मुठीत मिटली. खाली कोणीतरी बादलीत पाणी ओतत होतं, त्याचा आवाज येत होता.

"त्यांनी पलंगाचे पाय काढून बघितलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "धान्याचे डबे चादरीवर ओतले. रविवारी सगळा दिवस तेच. मी हिला मारलं, मामा. खरं सांग म्हणून मारलं. तर शेवटी ही हो म्हणाली."

मुलगी उठून बसली होती. "मी घेतली होती एकदा," ती हळूच म्हणाली. "पण परत ठेवली होती. खुंटीवर."

"हो बाळ, तू ठेवली होतीस," मामा म्हणाला. "बाबांनी तिथूनच घेतली आणि मला आणून दिली. तू नाही हरवलीस. या आजोबांनी लपवली होती."

"का?"

मामाला रडू फुटलं. चोवीस वर्षं त्यानं खिडकीच्या आतून लोकांना समजावलं होतं, आणि सात वर्षांच्या पोरीच्या एका शब्दाला त्याच्यापाशी काही नव्हतं. मुलीनं आईकडे बघितलं. आईनं तिला जवळ ओढून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

मग ती म्हणाली, "माफ केलं असं माझ्या तोंडून येणार नाही. ती आशा धरू नका."

"नाही धरली."

तिनं मुलीच्या वहीतलं एक कोरं पान फाडलं, पेन घेतलं आणि दोन्ही त्याच्यापुढे सरकवलं. "लिहून द्या. ही मोठी झाल्यावर कधी शंका आली, तर दाखवायला पाहिजे."

मामा कसाबसा खाली बसला, अधू पाय लांब करून. शिपायाचा नंबर लिहिला. त्याखाली लिहिलं, शिट्टी मिळाली, चौदापैकी चौदा, सर्व वस्तू जमा. सही केली. या वेळी अक्षरं एकमेकांवर चढू दिली नाहीत. मग तारीख घालायला गेला, तर तिनं कागदावर बोट ठेवलं.

"आजची नको. ते पहिल्यांदा आले होते, ती घाला."

ती तारीख त्याला आठवावी लागली नाही. त्यानं ती लिहिली आणि कागद तिच्या हातात दिला. बुधवार होता तो. शाळेत हजर व्हायचा सोमवार अजून पाच दिवसांवर होता.